नाव ढालीचं, रूप चांदणीचं

मुंबईत भायखळ्याला घड्याळाच्या मनोऱ्याचं एक जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर आहे. बगदादहून आलेले व्यापारी डेव्हिड ससून यांनी ते एकोणिसाव्या शतकात बांधलं. त्याचं नाव ‘मागेन दाविद’. इस्रायलच्या झेंड्यावर जी सहा टोकांची निळी चांदणी दिसते, तिचंही हिब्रू नाव हेच. मराठी वर्तमानपत्रं तिला ‘डेव्हिडचा तारा’ म्हणतात. पण हिब्रूत ताऱ्याला ‘कोखाव’ म्हणतात आणि ‘मागेन दाविद’ या नावात कोखाव कुठेच नाही. मागेन म्हणजे ढाल. बायबलमधल्या दावीद राजाची ढाल.

ढाल असेल तर तिला टोकं कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर आपल्या कोकणातच सापडतं. अलिबागच्या इस्राएल आळीत बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचं सिनेगॉग आहे, ‘मागेन आबोथ’, म्हणजे पूर्वजांची ढाल. मुंबईत आग्रीपाड्याला ‘मागेन हसीदिम’ आहे, म्हणजे भक्तांची ढाल. ढाली तीन झाल्या, पण ढाल धरणारा एकच, तो म्हणजे देव. ज्यूंच्या प्रार्थनांमध्ये देवाला ‘मागेन’ म्हणायची पद्धत फार जुनी आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या अठराव्या स्तोत्रात दावीद देवाला आपला खडक म्हणतो, गड म्हणतो, ढाल म्हणतो. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी संदेष्ट्यांच्या ग्रंथांतलं वाचन झाल्यावर जे आशीर्वाद म्हणतात, त्यातला एक ‘मागेन दाविद’ याच शब्दांवर संपतो. त्या प्रार्थनेत आकृतीचा, त्रिकोणांचा, सहा टोकांचा काहीही संबंध नाही. दाविदाला जपणारा तो देव, एवढाच तिथला अर्थ.

म्हणजे नाव आधीपासून होतं आणि आकृतीही आधीपासून होती. दोघांची गाठ मात्र फार उशिरा पडली.

आकृती कुणाची?

आधी आकृतीचं बघू. दोन सारखे समभुज त्रिकोण घ्यायचे, एकाचं टोक वर, दुसऱ्याचं खाली, आणि एकमेकांवर ठेवायचे. मध्ये षटकोन उरतो, भोवती सहा छोटे त्रिकोण. शाळेत कंपास हातात घेतलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी केलेलं आहे. वर्तुळ काढायचं, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जायचं. बरोबर सहा खुणा होतात आणि आपण निघालो तिथेच परत येतो. एक सोडून एक खुणा जोडल्या की चांदणी तयार. ज्या गवंड्याकडे एक खुंटी आणि एक दोरी आहे त्याला ही आकृती सापडणारच. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हातांनाही ती सापडतेच.

त्यामुळे ती जगभर आहे. दिल्लीत हुमायूनच्या कबरीच्या कमानींवर दोन्ही खांद्यांना सहा टोकांच्या चांदण्या जडवलेल्या आहेत. त्यात पुरलेला बादशहा ज्यू नव्हता. आपल्याकडे यंत्रांमध्ये षट्कोण असतो, वर टोक असलेला त्रिकोण शिवाचा आणि खाली टोक असलेला शक्तीचा मानतात. हृदयाजवळच्या अनाहत चक्राच्या चित्रात बारा पाकळ्यांच्या मधोमध हीच आकृती काढतात. जर्मनीत बव्हेरियाच्या ईशान्य भागात घरगुती बिअर तयार झाली की दाराबाहेर सहा टोकांची चांदणी टांगायची जुनी रीत आहे. ती बघून आत जाणाऱ्याला धर्म नव्हे, पेला हवा असतो.

‘चांदणी आपल्याकडूनच तिकडे गेली’ अशा मजकुराचे संदेश फोनवर फिरत असतात. उलट दिशेचेही फिरतात. पण सारखी दिसणारी दोन चित्रं म्हणजे नातं नव्हे. वरची कंपासची गोष्ट आठवली तर कुणी कुणाकडून काही नेण्याची गरजच पडत नाही.

प्राचीन ज्यूंकडे ही आकृती होती का? होती, पण नक्षी म्हणून. गालील समुद्राच्या काठी कफर्णहूम इथे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या सिनेगॉगचे अवशेष आहेत. तिथल्या दगडी पट्टीवर सहा टोकांची चांदणी कोरलेली आहे. तिच्या सोबतीला पाच टोकांचीही आहे, आणि स्वस्तिकही आहे. कोरणाऱ्याच्या लेखी सगळी शोभेची चित्रं. विसाव्या शतकात या दगडाकडे कुणी सहजपणे बघू शकणार नव्हतं, हे त्या पाथरवटाला कुठून ठाऊक असणार.

इजिप्तमध्ये कैरोला १००८ च्या सुमारास लिहून पूर्ण झालेली हिब्रू बायबलची एक हस्तलिखित प्रत आज सेंट पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात आहे. संपूर्ण हिब्रू बायबलची ही सर्वांत जुनी उपलब्ध प्रत. तिच्या एका सजवलेल्या पानावर भलीमोठी सहा टोकांची चांदणी आहे. पण शेजारच्या मुस्लिम लेखनिकांच्या ग्रंथांतही तशीच भौमितिक सजावट होत होती. पानावर चांदणी आहे म्हणून ती धर्माची खूण होती असं म्हणता येत नाही.

मग त्या काळात ज्यूंची खूण कोणती? मेनोरा, म्हणजे सात शाखांची दिवटी. तिचं वर्णन बायबलच्या निर्गम या पुस्तकात येतं आणि ती यरुशलेमच्या मंदिरात होती. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं आणि लूट रोमला नेली. तिथल्या टायटसच्या कमानीवर सैनिक खांद्यावरून मेनोरा वाहून नेताना कोरलेले आहेत. ज्यूंच्या जुन्या थडग्यांवर, दिव्यांवर, फरशांवर वारंवार दिसते ती मेनोरा. ही दिवटी लक्षात ठेवा, ती शेवटी परत येणार आहे.

आणि ज्यांच्याकडे दिवटीही नव्हती ते? आपल्या कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं इतर ज्यूंपासून तुटलेले होते. परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. खवल्यांशिवायचा मासा ते खात नसत, मुलांची सुंता करत, आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांना पाठ होती. पुढे बाहेरच्या ज्यूंनी त्यांना आपलं म्हणून ओळखलं ते एवढ्या खुणांवरून.

ताईत

ढाल आणि चांदणी यांची गाठ बांधली ती जादूटोण्याने. हे ऐकून काही जणांना बरं वाटणार नाही, पण पुरावा तिकडेच बोट दाखवतो.

दाविदाचा मुलगा शलमोन, मुस्लिम परंपरेतला सुलेमान. त्याच्याकडे देवाचं नाव कोरलेली एक अंगठी होती आणि तिच्या जोरावर तो भुताखेतांना, जिनांना कामाला लावत असे, अशी कथा ज्यू आणि मुस्लिम दोघांकडे आहे. अंगठीवर काय कोरलं होतं? कुणी म्हणे पाच टोकांची चांदणी, कुणी म्हणे सहा टोकांची. दोन्हींना ‘सुलेमानची मुद्रा’ म्हणत आणि दोन्ही ताइतांवर काढत. एकोणिसाव्या शतकातल्या मोरोक्कोच्या नाण्यांवर सहा टोकांची चांदणी ठळक दिसते; ती नाणी मुस्लिम सुलतानांची आहेत.

ज्यू ताइतांमध्येही ही चांदणी भूतबाधा, आग, आजार यांच्यापासून राखण करण्यासाठी आली. ज्या आकृतीचं काम राखण करणं, तिला ढाल म्हणणं ओघानेच आलं. दाविदाच्या लढाईतल्या ढालीवर देवाचं गूढ नाव कोरलेलं होतं अशाही कथा तयार झाल्या. बाराव्या शतकातले, ज्यूंमधल्या कराई पंथाचे विद्वान यहुदा हदासी यांनी देवदूतांच्या नावांच्या ताइताबद्दल लिहिताना ‘मागेन दाविद’ हा शब्द वापरला आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका कबाला ग्रंथात, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येच्या ग्रंथात, प्रत्यक्ष सहा टोकांच्या आकृतीला हे नाव दिलेलं सापडतं. पुढची काही शतकं एकच आकृती कुठे शलमोनाची मुद्रा, तर कुठे दाविदाची ढाल म्हणून वावरत राहिली. हळूहळू पाच टोकांची मुलाकडे गेली, आणि सहा टोकांची बापाकडे राहिली.

प्राग

आता इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं प्रागमुळे झालं.

१३५४ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने प्रागच्या ज्यूंना स्वतःचा ध्वज बाळगायची परवानगी दिली. त्या काळच्या युरोपात ही साधी गोष्ट नव्हती. शहरात कारागिरांच्या संघांना ध्वज असे, सरदारांना ध्वज असे. ज्यूंना बहुतेक ठिकाणी साधी राहायची परवानगीही राजाच्या मर्जीवर. ध्वज मिळाला तर त्यावर काढायचं काय? प्रागच्या लोकांनी सहा टोकांची चांदणी काढली. ताइतावरची ढाल ध्वजावर गेली आणि तो ‘दावीद राजाचा ध्वज’ म्हणून ओळखला जाऊ लागला. तेराव्या शतकात बांधलेल्या तिथल्या जुन्या सिनेगॉगमध्ये आजही असा ध्वज टांगलेला आहे. कापड नंतरच्या काळातलं, पण परंपरा तीच. त्याच्यावरच्या चांदणीच्या मधोमध एक टोपी आहे. १६४८ मध्ये स्वीडनच्या सैन्याने प्रागवर चाल केली तेव्हा ज्यूंनीही शहर लढवलं, आणि त्या टोपीची कथा या लढाईशी जोडून सांगतात.

पुढे प्रागच्या समाजाच्या शिक्क्यावर चांदणी आली. प्राग हे हिब्रू छपाईचं मोठं केंद्र होतं. १५१२ मध्ये तिथे छापलेल्या प्रार्थनापुस्तकावर ती आहे. पुस्तकं लांबवर जातात, त्यांच्याबरोबर चांदणीही गेली. १६५६ मध्ये व्हिएन्नात ज्यू वस्ती आणि ख्रिस्ती वस्ती यांच्या सीमेवर एक दगड रोवला गेला. त्याच्या एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला सहा टोकांची चांदणी. दोन्ही खुणा एकमेकींच्या तोडीस तोड म्हणून समोरासमोर आल्या त्या इथे, आणि तेही हद्दीच्या दगडावर. १६७० मध्ये व्हिएन्नातून ज्यूंना हाकललं, तेव्हा ते जिथे गेले तिथे ही खूण घेऊन गेले.

तरीही अठराव्या शतकापर्यंत पोलंड किंवा येमेनमधल्या एखाद्या ज्यूला ‘तुमच्या धर्माची खूण कोणती’ असं विचारलं असतं, तर त्याला प्रश्नच समजला नसता. हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाचा. युरोपात ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क मिळू लागले, मोठ्या रस्त्यांवर मोठी सिनेगॉग उभी राहू लागली. शेजारी चर्च, त्याच्यावर क्रूस. यांच्यावर काय लावायचं? मेनोरा होती, पण सहा टोकांची चांदणी सुटसुटीत, कुठल्याही कारागिराला जमणारी आणि लांबून ओळखू येणारी. पन्नास-साठ वर्षांत ती सिनेगॉगच्या कळसावर, खिडक्यांत, थडग्यांवर, संस्थांच्या कागदांवर सगळीकडे पोचली. युरोपातून ती मग पूर्वेकडच्या ज्यूंकडेही आली.

१८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला पहिली झायनिस्ट परिषद भरली. ज्यूंना स्वतःचा देश असावा म्हणणाऱ्यांची ही चळवळ. तिचे नेते थिओडोर हर्झल यांच्या मनात वेगळाच झेंडा होता, पांढऱ्यावर सात सोनेरी तारे. सात कशाला, तर नव्या देशात कामगारांचा दिवस सात तासांचा असेल म्हणून! ही कल्पना मागे पडली. त्यांचे सहकारी डेव्हिड वोल्फसोन यांना वाटलं, झेंडा शोधायचा कशाला, तो तर आपण रोज पांघरतो. प्रार्थनेच्या वेळी ज्यू पुरुष ‘तालित’ नावाची पट्ट्यांची शाल घेतात. पांढरं कापड, निळे पट्टे, मध्ये मागेन दाविद, झेंडा ठरला.

पिवळं कापड

ज्यूंनी वेगळं दिसावं म्हणून कपड्यांवर खूण लावायची सक्ती नाझींनी शोधलेली नाही. १२१५ च्या लॅटरन या ख्रिस्ती धर्मपरिषदेने तसा आदेश दिला होता. पण मध्ययुगातली ती खूण चांदणी नव्हती. फ्रान्समध्ये पिवळं वर्तुळ लावायला लावत, इंग्लंडमध्ये मोशेच्या दगडी पाट्यांच्या आकाराचा तुकडा. प्रागसारखं ठिकाण सोडलं तर चांदणी तेव्हा ज्यूंची म्हणून कुणाला माहीतच नव्हती. नाझींना ती आयती मिळाली, कारण मधल्या शंभर वर्षांत ज्यूंनीच ती अभिमानाने सगळीकडे लावली होती.

१ एप्रिल १९३३ ला जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर बहिष्काराचा दिवस पाळला गेला, तेव्हा दुकानांच्या काचांवर चांदण्या रंगवल्या गेल्या. तीन दिवसांनी बर्लिनच्या एका ज्यू वर्तमानपत्रात संपादक रोबर्ट वेल्टश यांनी लिहिलं, हा पिवळा डाग अभिमानाने मिरवा. ते अलंकाराने बोलत होते. प्रत्यक्ष कापडाचा डाग यायला अजून काही वर्षं होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये हुकूम निघाला, दहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूने दंडावर निळ्या चांदणीची पांढरी पट्टी बांधावी. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीत सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला डाव्या छातीवर तळहाताएवढी पिवळी चांदणी शिवणं सक्तीचं झालं. तिच्यावर हिब्रू वळणाच्या जर्मन अक्षरांत ‘यूडे’, म्हणजे ज्यू. १९४२ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या नाझीव्याप्त भागात तेच. तिथे माणशी तीन चांदण्या मिळत आणि त्या बदल्यात कापडाच्या रेशनचं एक कूपन द्यावं लागे. अपमानाचीही किंमत वसूल केली जात होती.

छळछावण्यांत कैद्यांच्या कपड्यांवर वर्गवारीसाठी रंगीत त्रिकोण असत. राजकीय कैदी लाल, गुन्हेगार हिरवा. ज्यू कैद्याच्या त्रिकोणाखाली आणखी एक पिवळा त्रिकोण उलटा लावत. दोन मिळून चांदणी.

डेन्मार्कच्या राजाने आपल्या ज्यू प्रजेसाठी स्वतःच पिवळी चांदणी लावली, ही गोष्ट अनेकांनी वाचली असेल. ती खरी नाही. डेन्मार्कमध्ये ही सक्ती कधी झालीच नाही. खरी गोष्ट याहून मोठी आहे: १९४३ मध्ये तिथल्या लोकांनी आपल्या बहुतेक ज्यूंना होड्यांतून गुपचूप स्वीडनला पोचवलं.

गेर्शोम शोलेम हे कबालाचे मोठे अभ्यासक, बर्लिनमध्ये जन्मलेले, यरुशलेममध्ये शिकवणारे. या आकृतीच्या इतिहासावरचा त्यांचा अभ्यास १९४० च्या दशकाच्या शेवटी प्रसिद्ध झाला आणि वर सांगितलेलं बरंचसं त्यांनीच खणून काढलेलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या चांदणीबद्दल त्यांचं मत कठोर होतं: क्रूसाची नक्कल, आतून पोकळ. तिच्यात खरा प्राण आला तो लाखो माणसं ती छातीवर घेऊन मरणाला गेली तेव्हा, असं ते म्हणतात. पहिल्या भागाशी मी पूर्ण सहमत नाही. नक्कल म्हणून सुरू झालेल्या गोष्टीवरही माणसं जीव लावतात, आणि आजीच्या थडग्यावरची चांदणी नातवासाठी पोकळ नसते. दुसऱ्या भागावर मात्र वाद घालायला माझ्याकडे काही नाही.

मग अर्थ काय?

अर्थ विचाराल तर डझनभर मिळतील. सहा टोकं म्हणजे कामाचे सहा दिवस आणि मधला षटकोन म्हणजे शब्बाथ. सहा टोकं म्हणजे चार दिशा, वर आणि खाली. एक त्रिकोण देवाकडे चढणारा, एक माणसाकडे उतरणारा. जुन्या हिब्रू लिपीत ‘द’ हे अक्षर त्रिकोणासारखं असे आणि दाविदाच्या नावात ‘द’ दोनदा येतो, म्हणून दोन त्रिकोण. जर्मन ज्यू तत्त्ववेत्ते फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२१ मध्ये एका त्रिकोणाला देव, जग आणि माणूस अशी तीन टोकं दिली आणि दुसऱ्याला निर्मिती, प्रकटीकरण आणि मुक्ती.

हे सगळे अर्थ आकृती रूढ झाल्यानंतर तिच्यात वाचलेले आहेत. घर बांधून झाल्यावर वास्तूची कथा सांगावी तसे. त्यातला कुणाचा कुणाला पटावा हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण ‘प्राचीन काळापासून हाच अर्थ आहे’ असं कुणी ठासून सांगू लागलं तर प्रागचं साल विचारावं.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाला तेव्हाही झेंडा लगेच ठरला नाही. झायनिस्ट चळवळीचा झेंडाच देशाचा केला, तर इतर देशांतल्या ज्यूंवर ‘तुमची निष्ठा नेमकी कुठे’ असा संशय येईल, ही भीती होती. पाच महिने खल करून २८ ऑक्टोबर १९४८ ला चांदणीचा झेंडा स्वीकारला गेला. पण राजमुद्रा ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी चांदणी घेतली नाही. १९४९ च्या फेब्रुवारीत मुद्रेवर मेनोरा आली, तीही टायटसच्या कमानीवर लूट म्हणून कोरलेल्या दिवटीच्या वळणाची. इस्रायली पासपोर्टवर आजही चांदणी नाही, दिवटी आहे.

चांदणीचा एक वाद त्यानंतरही अनेक वर्षं चालला. १९३० मध्ये तेल अवीवमध्ये सुरू झालेली तिथली रुग्णवाहिकांची संस्था ‘मागेन दाविद आदोम’, म्हणजे दाविदाची लाल ढाल. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस लाल क्रूस मानत होता, लाल चंद्रकोर मानत होता, लाल चांदणी मानत नव्हता. खुणा वाढवत गेलो तर अंत नाही, ही त्यांची अडचण. शेवटी २००५ च्या डिसेंबरमध्ये कुठल्याच धर्माचा नसलेला तिसरा आकार मान्य झाला, टोकावर उभी राहिलेली लाल चौकट, आणि २००६ मध्ये संस्थेला प्रवेश मिळाला. देशात तिच्या गाड्यांवर लाल चांदणी आहेच. परदेशात मदतीला जाताना यजमान देशाची हरकत नसेल तर ती त्या लाल चौकटीच्या आत काढता येते.